जादूघरातली पहिली पायरी

१

काचेच्या पेटीला कुलूप होतं, काच शाबूत होती, आणि आतला अ‍ॅप्रन गायब होता. निळ्या मखमलीवर त्याच्या दाबाचा चौकोन तेवढा उरला होता.

"काल संध्याकाळी होता," स्वप्नाली चौगुले पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती कॉलेजात इतिहास शिकवायची आणि हे प्रदर्शन तिनंच मांडलं होतं. "रंगीत तालीम झाली तेव्हा कुलूप मी स्वतः लावलं."

क्रांती कांबळे दारातच थबकली. ती काही चोरी शोधायला आली नव्हती. राजारामपुरीत तिचं चौकशीचं ऑफिस होतं आणि धंदा सगळा लग्नाआधीच्या चौकशांचा. कोल्हापूरची माणसं सोयरिकीच्या बैठकीत 'तुमचं आमचं काय येगळं हाय?' म्हणतात आणि पाहुण्यांची पाठ वळली की क्रांतीला फोन लावतात. मुरगूडच्या आक्काताईंनी तसाच लावला होता. त्यांच्या सार्थकला अक्षता नावाची नर्स पसंत पडली होती. "पोरगी सोन्यासारखी हाय," आक्काताई म्हणाल्या होत्या, "पर बाप जादूघरात ऱ्हातोय म्हणं. माणूस कसा हाय तेवढं सांगा. उद्या सुपारी फोडायची हाय, तवा आज सांजच्याला फोन करा."

तो बाप आता तिच्यासमोर उभा होता. यल्लाप्पा, या लॉजचा पहारेकरी, डोक्यावरची टोपी हातात घेऊन, कपाळावर घाम.

जादूघर म्हणजे फ्रीमेसन या जुन्या, गुप्तता पाळणाऱ्या बंधुमंडळाचं लॉज. झाडीतला दगडी बंगला, फाटकावर गवंड्याचा काटकोनी गुण्या आणि कंपास कोरलेले, आणि दारं कायम बंद. आत मुंडकी कापतात इथपासून आत भूत बोलवतात इथपर्यंत काय वाटेल ते शहरात बोललं जायचं. या बोलण्याला कंटाळून लॉजनं यंदा दारं उघडायचं ठरवलं होतं. पाच वाजता प्रदर्शन. भिंतीवर जुन्या, मोठ्या मेसन माणसांच्या तसबिरी: अमेरिकेचा वॉशिंग्टन, संगीतकार मोझार्ट, लाहोरात मेसन झालेला किपलिंग, मोतीलाल नेहरू, आणि तरुणपणी कलकत्त्यात लॉजमध्ये गेलेले विवेकानंद. रांगेत शेवटचं चित्र लाल कापडाखाली झाकलेलं होतं. ते कोल्हापूरच्या प्लेगच्या साथीतले डॉक्टर गणपतराव माणगावे यांचं. पेटीतून गेला तो, मेसन सभेत कमरेला बांधतात तसला, अ‍ॅप्रन त्यांचाच.

"यल्लाप्पा," राजवीर इंगवले म्हणाले. उद्यमनगरात त्यांची फौंड्री होती आणि लॉजचं गुरुपद, म्हणजे प्रमुखपद, यंदा त्यांच्याकडं होतं. आवाज न चढवता माणसाला खाली बसवायची कला त्यांना अवगत होती. "रात्रभर बंगल्यात तू एकटा. पाच वाजेपर्यंत अ‍ॅप्रन मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर पोलिसांत तुझं नाव द्यावं लागेल, आणि खोली रिकामी करावी लागेल."

क्रांतीच्या पर्समध्ये फोन थरथरला. आक्काताई.

२

तिनं फोन उचलला नाही. उचलून सांगणार काय? बाप पहारेकरी आहे आणि ज्यावर पहारा देत होता तेच गेलं? क्रांतीला एका जागी बसवेना. ती तशीच राजवीरांसमोर जाऊन उभी राहिली, आपण कोण ते सांगितलं, का आलो ते मात्र गिळलं, आणि पाच वाजेपर्यंतची मुदत स्वतःच्या अंगावर ओढून घेतली. राजवीरांनाही पोलिसांची जीप फाटकात नकोच होती. ते म्हणाले, "बघा प्रयत्न करून."

मागच्या खोलीत यल्लाप्पा पलंगाच्या कडेवर बसला होता. दारावर नवीन पडदा होता. उद्याच्या पाहुण्यांसाठीच लावलेला दिसत होता.

"अक्का, मी घेतला न्हाय," तो म्हणाला. तो मूळचा बेळगावकडचा, कुठल्याही बाईला अक्काच म्हणायचा. "स्वामीजींच्या तसबिरीवरून रोज फडकं मारतो मी. त्येंच्या नजरंसमोर चोरी करू काय?"

"काल रात्री आत कोण आलं?"

"चिटपाखरू न्हाय. खिडक्यांस्नी गज हायत, दाराला माझी खाट लावल्याली."

"आणि तालमीला कोणकोण होतं?"

"इंगवले सायेब, स्वप्नालीताई, डाक्टरांचे पणतू माणगावे सायेब आन् मी. आन् जाताना हरएकाची पिशवी बघितली मी. आत चांदीची अवजारं हायत न्हवं, सायबांचाच नेम हाय तसा. माणगावे सायेब तेवढं तापले. म्हटले, मला बी तपासतोस व्हय? म्हटलं, इंगवले सायेब सवता बी पिशवी दावत्यात." त्यानं मान खाली घातली. "कुनाजवळ काय बी नव्हतं. हेच माज्या गळ्यात आलंय. दुसऱ्या कुनी नेलं न्हाय म्हंजे मीच नेलं."

क्रांती खोलीत येरझाऱ्या घालत होती, म्हणजे तीन पावलं तिकडं आणि तीन इकडं, कारण खोलीच तेवढी. लग्नाच्या चौकशीत तिनं खोटं बोलणारे शेकड्यानं पाहिले होते. खोटं बोलणारा माणूस आपल्या सोयीचं सांगतो. हा बाबा तर स्वतःलाच अडकवणारं सांगत होता. पिशव्या नीट बघितल्या नाहीत एवढं म्हणाला असता तरी निम्मा सुटला असता.

आणि तो खरं बोलत असेल तर अ‍ॅप्रन बंगल्याबाहेर गेलेलाच नाही, हे तिच्या लक्षात आलं.

३

"किल्ली कुठं होती?" तिनं स्वप्नालीला विचारलं.

स्वप्नालीनं सभागृहाच्या मधल्या चौरंगाकडं बोट दाखवलं. त्यावर मखमली उशी, उशीवर उघडा धर्मग्रंथ, ग्रंथावर चांदीचा गुण्या आणि कंपास. "राजवीर सरांनी आमच्या सगळ्यांदेखत ग्रंथाखाली ठेवली. म्हणाले, इथं कोण हात लावणार? मग आम्ही हिरवळीवर चहा घेतला. मधून मधून कुणी माळ आणायला, कुणी चष्मा आणायला आत यायचं. प्रत्येकजण एकटा आत येऊन गेलाय, ताई. मीसुद्धा."

"सकाळी किल्ली काढलीत?"

"कशाला? काचेतून रिकामी पेटी दिसतेय की. चौरंगाला अजून कुणी शिवलेलं नाही."

क्रांतीनं दोन बोटांनी ग्रंथाची कड उचलली. किल्ली जागच्या जागी होती, अगदी मधोमध; ग्रंथ पुरता उचलल्याशिवाय तिथं हात पोचला नसता. म्हणजे चोरानं ग्रंथ हलवला, किल्ली घेतली, काम झाल्यावर परत ठेवली आणि वरची अवजारंही पुन्हा मांडली. फार टापटिपीचा चोर होता.

"अ‍ॅप्रनबद्दल सांगा."

"दोन आठवड्यांपूर्वी मला इथल्याच जुन्या कपाटात मिळाला. पांढरा, साधा, आतल्या बाजूला डॉक्टरांचं नाव. बकऱ्याचं कातडं असावं, मला खात्री नव्हती, म्हणून चिठ्ठीवर नुसतं 'चामडी अ‍ॅप्रन' लिहिलं. आणि चौरंग बघा ना, किती छान दिसतो. काल किल्ली ठेवून झाल्यावरच फोटो काढून स्टेटसला ठेवला." तिनं फोन पुढं केला. "ही मांडणी मी केली. फाटकावर कोरलंय अगदी तशी."

फोटोत गुण्याच्या वर कंपासचे दोन्ही पाय स्पष्ट दिसत होते. क्रांतीनं फोटो बघितला, मग चौरंग बघितला, मग पुन्हा फोटो बघितला. चौरंगावरच्या कंपासचे दोन्ही पाय गुण्याच्या खाली दडले होते.

"हे तुम्ही बदललंत?"

स्वप्नालीनं वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "नाही. मी नाही."

४

धैर्यशील माणगावे दुपारी जेवून आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पाठोपाठ हारांची टोपली. शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, गावात वजन, आणि डॉक्टरांचे पणतू. निमंत्रणपत्रिका त्यांनीच छापून घेतल्या होत्या. 'लॉजचे थोर गुरू, प्लेगयोद्धे डॉ. गणपतराव माणगावे यांच्या तैलचित्राचे अनावरण.' चित्रही त्यांनीच काढून घेतलं होतं आणि अनावरणाआधी कुणी बघायचं नाही अशी ताकीद दिली होती.

"मला ह्या मेसन-बिसनमधलं काय बी कळत न्हाय बघा," ते क्रांतीला म्हणाले. "लोकं म्हणतात जादूघर, मी बी तसंच म्हणत आलो. पणजोबांचं नाव म्हणून उभा हाय. प्लेगात सगळी शहर सोडून पळाली, हे रोग्यांच्या छावणीत जाऊन ऱ्हायले. तिथंच गेले, वयाच्या तिशीत. प्रेत बी घरी आलं न्हाय."

"अ‍ॅप्रन कुणी नेला असेल?"

"कोण नेणार? इवलंसं कोकराचं कातडं, बाजारात कोण घेईल ते? त्या पहारेकऱ्यानं कुठंतरी टाकलं असंल. तुम्ही नका एवढं मनाला लावून घेऊ. चित्र हाय की लोकांना बघायला."

ते खिशातून भाषण काढून चाळायला लागले. क्रांती फिरत फिरत तसबिरींच्या रांगेशी गेली. वॉशिंग्टन भिंतीला चिकटून होता, मोझार्ट चिकटून होता, विवेकानंदही. झाकलेलं चित्र मात्र खालच्या बाजूला भिंतीपासून बोटभर सुटलं होतं. तिनं लाल कापडाचं टोक उचललं. फेटा, भरघोस मिशा, कमरेला रुंद आकाशी काठाचा अ‍ॅप्रन, काठावर रेशमी फुलं आणि चांदीचे गोंडे.

"हात लावू नका!" धैर्यशील एवढ्या जोरात ओरडले की टोपलीतला हार कुणाच्या तरी हातून खाली पडला. मग ते कसनुसं हसले. "म्हणजे, ओलं हाय अजून. रंग."

रंग तर खडखडीत वाळला होता. तिच्या बोटाला काही लागलं नव्हतं.

५

राजवीरांना तिनं हाताला धरूनच चौरंगापाशी आणलं. "हे बघा आणि सांगा."

त्यांनी वाकून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे कुणी केलं?"

"चोरानं. काय अर्थ होतो याचा?"

"यात गुपित काही नाही, छापील पुस्तकांत आहे." ते म्हणाले. "आमच्यात तीन पायऱ्या. पहिली शिकाऊ माणसाची, तेव्हा कंपासचे दोन्ही पाय गुण्याखाली झाकलेले. दुसऱ्या पायरीला एक पाय वर येतो, तिसरीला दोन्ही. फाटकावर आहे ती तिसरी, सगळं जग तीच ओळखतं. नवा माणूस येतो त्याचे डोळे पट्टीनं बांधलेले असतात. शपथ झाली की पट्टी सोडतात, आणि त्याला पहिल्यांदा दिसतं ते हे. ग्रंथ, गुण्या आणि पाय झाकलेला कंपास." त्यांचा आवाज नकळत मऊ झाला. "माझ्या दीक्षेला तीस वर्षं झाली असतील. अजून डोळ्यांपुढं आहे."

"आणि अ‍ॅप्रन?"

"पहिल्या पायरीला पांढरा, कोरा. कोकराचंच कातडं लागतं, दुसरं चालत नाही. आकाशी काठ तिसरीला, आणि तिसरी झाल्याशिवाय कुणी गुरू होत नाही."

"डॉक्टरांचा तर कोरा होता. मग ते गुरू कसे?"

राजवीर ओशाळले. "मलाही खटकलं होतं. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांच्या पणतवानं अ‍ॅप्रन बघितला तोच काल तालमीत. म्हटलं, कार्यक्रम होऊ दे, मग सावकाश सांगू. मला दुसरंच कोडं पडलंय. मेसन गेला की त्याचा अ‍ॅप्रन त्याच्याबरोबर जातो, चितेवर नाहीतर मातीत. डॉक्टरांचा कपाटात का राहिला?"

"स्वप्नालीताई सांगत होत्या, डॉक्टरांच्या चित्राला जागा करायला तुमच्या आजोबांची तसबीर उतरवली म्हणे?"

"उतरवली. मीच उतरवली. तेव्हा जरा लागलं, खोटं कशाला बोलू?" ते पुन्हा चौरंगाकडं वळले. "पण हे पहिल्या पायरीचं मांडायला पहिल्या पायरीवरचा माणूस हवा. आणि आमच्या लॉजमध्ये आज तसा एकही नाही."

क्रांतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोन पुन्हा थरथरला. तिनं तो बंदच करून टाकला.

६

पाहुणे हिरवळीवर जमायला लागले होते. क्रांतीनं धैर्यशीलना सभागृहात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"माणगावे साहेब, एकच विचारते. पट्टी सुटली तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा काय दिसलं?"

ते हसायला गेले, पण हसू ओठांपर्यंत आलंच नाही.

"कसली पट्टी?"

"काल कुणीतरी ग्रंथ उचलला, किल्ली काढली, पेटी उघडली, मग घाईघाईत सगळं परत मांडलं. यल्लाप्पानं मांडलं असतं तर फाटकासारखं मांडलं असतं, दर दिवाळीला ते फाटक तोच रंगवतो. स्वप्नालीताईंची मांडणी तर त्यांच्या फोनातच आहे. राजवीर साहेबांना तिन्ही मांडण्या पाठ आहेत. चोरी त्यांनी केली असती तर होती तशीच ठेवली असती, आणि ही पहिल्या पायरीची म्हणून मला शिकवत बसले नसते. उरला असा माणूस, ज्याच्या डोळ्यांत एकच मांडणी बसलीय. हात घाईत असला की डोळ्यांत असतं तेच मांडतो."

"मी मेसन न्हाय."

"चिठ्ठीवर चामडी लिहिलंय. स्वप्नालीताईंना बकऱ्याचं वाटलं. तुम्हाला काहीच कळत नाही म्हणता, मग कोकराचं कसं कळलं?"

बाहेर कुणीतरी माईक तपासत होतं. धैर्यशील खुर्चीवर बसले, म्हणजे जवळजवळ कोसळलेच.

"बेळगावात," ते म्हणाले. "गेल्या दिवाळीनंतर. घरात सांगितलं न्हाय, हितं तर शक्यच नव्हतं. लोकं म्हटली असती, अध्यक्ष जादूघरात जातोय. पणजोबांनी काय बघितलं ते मला एकदा बघायचं होतं." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आमच्या घरात चार पिढ्या सांगत आल्या, ते गुरू होते. मी गावभर सांगितलं, पत्रिकेत छापलं, चित्रात आकाशी काठ काढायला लावला. आन् काल पेटीत बघितलं तर पांढराफेक. माझा हाय तसलाच. शिकाऊ माणसाचा. पायाखालची जमीन सरकली ओ! दोन्ही शेजारी शेजारी बघून जाणती माणसं हसली असती. कार्यक्रम झाला की गुपचूप परत ठेवणार होतो."

"आणि यल्लाप्पा?"

"त्याचं नाव येईल हे... त्येवढं डोक्यात आलं न्हाय."

क्रांतीचं डोकं फिरलं. आत्तापर्यंत आवरलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "आलं कसं न्हाय? दुपारी तुम्हीच माझ्यासमोर त्याच्या अंगावर ढकललंत! उद्या त्याच्या पोरीची सुपारी हाय. पाहुण्यांनी मला इचारलंय, बाप कसा हाय. चोर म्हणून सांगू त्यांना? तुमच्या पणजोबांच्या दोन पायऱ्या वाढवायला ह्याच्या पोरीचं लग्न मोडायचं व्हय?"

क्रांती झाकलेल्या चित्रापाशी गेली, चौकटीमागं हात घातला आणि घडी केलेला अ‍ॅप्रन बाहेर काढला. यल्लाप्पानं पिशव्या तपासल्या होत्या, म्हणून तो बाहेर गेला नव्हता. आणि या चित्राला कुणी हात लावायचा नाही, असं सांगणारा माणूस एकच होता.

कातडं जुनं होऊन पिवळसर पडलं होतं, पण त्यावर एक डाग नव्हता. फार तर एकदा-दोनदा नेसलेला असावा. तो हातात धरल्यावर तिचा राग कुठल्या कुठं गेला.

"साहेब, डॉक्टर छावणीत गेले तेव्हा तिशीत होते म्हणालात ना? पायऱ्या चढायला सवड लागते. त्यांना सवड कुठं होती? पहिली पायरी झाली आणि साथ आली. इथं बसून दुसरीची वाट बघितली असती तर गुरूही झाले असते. राजवीर साहेबांना कोडं पडलंय, मेसनबरोबर जाणारा अ‍ॅप्रन मागं का राहिला. मला तरी एवढंच दिसतंय, की ज्याचं प्रेत घरी आलं नाही त्याला अ‍ॅप्रन नेसवणार कोण?"

धैर्यशीलनी अ‍ॅप्रन तिच्या हातून घेतला, मांडीवर ठेवला आणि एवढा मोठा माणूस हमसाहमशी रडायला लागला.

७

अनावरण पाच वाजता झालं नाही, जरा उशिरा झालं. धैर्यशीलनी भाषणाचा कागद खिशात घातला आणि स्वतःच कापड ओढलं.

"हे चित्र चुकीचं हाय," ते म्हणाले. "चित्रकाराची चूक न्हाय, मीच तसं सांगितलं. माझे पणजोबा गुरू नव्हते. पहिल्या पायरीवरचे होते, आन् तिथनंच छावणीत गेले. मी बी पहिल्या पायरीवरचा हाय. हा अ‍ॅप्रन काल पेटीतनं मी काढला, लाज वाटली म्हणून. आता ज्याची लाज वाटायची ती दुसरीच गोष्ट हाय. यल्लाप्पावर आळ आला तो माझ्यापायी. यल्लाप्पा, तुझी माफी मागतो."

राजवीरही उठले. सगळ्यांदेखत यल्लाप्पासमोर हात जोडून म्हणाले, "माझंही चुकलं." चित्र उतरवलं. त्या खिळ्यावर स्वप्नालीनं कोरा अ‍ॅप्रन टांगला, विवेकानंदांच्या शेजारी. पहिल्या रांगेतले म्हातारे मेसन कुणी न सांगता उभे राहिले.

निघताना फाटकाशी यल्लाप्पा नेहमीसारखा उभा होता. धैर्यशीलनी स्वतःहून पिशवी उघडून पुढं धरली.

"ऱ्हावू द्या, सायेब."

"बघ की. नेम हाय तुझा."

यल्लाप्पानं पिशवी बघितली. वरवर नाही, शालीची घडी उचलून, तळापर्यंत हात घालून बघितली. मग म्हणाला, "जावा."

क्रांतीनं फोन चालू केला. आक्काताईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"अवो, हाय कुठं तुमी? दिवसभर जीव टांगणीला! बाप कसा हाय?"

"आक्काताई, तुम्ही ह्याच्या घरी आलात आणि जाताना त्यानं तुमची पिशवी बघायला मागितली, तर तुम्हाला राग येईल?"

"का वो? चोर समजतोय काय आमाला?"

"न्हाय. त्यो कुनालाच सोडत न्हाय. आज त्यानं शहरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची पिशवी बघितली. मी समोर उभी हाय."

आक्काताईंच्या मागं कुठंतरी म्हैस ओरडली.

"मग सुपारी सकाळीच फोडू," त्या म्हणाल्या. "आन् त्येला सांगा, पिशवीत पेढं असत्यात. बघ म्हणावं."